उलटा फिरलेला पंखा

दुपारी भाकरी तव्यावर होती आणि हे दारात आले. सदऱ्यावर रक्त. मला वाटलं, अण्णानं पुन्हा कुणाला तरी मारलं. "अण्णाचं आहे," हे म्हणाले. "चल..." अण्णा, माझा थोरला भाऊ, बेंगळुरूत चामराजपेटेतल्या आमच्या गॅरेजसमोर एका रिक्षावाल्याची कॉलर धरायला धावला, पायरीवरून घसरला आणि डोकं गटाराच्या दगडावर आपटलं. कुणी हात लावला नाही त्याला. तोच मारायला निघाला होता.

तेराव्याला निपाणीहून आलेले पाहुणे म्हणत होते, देवमाणूस गेला. मी वाढत होते. चारचौघांत मला बोलता येत नाही, शाळाही चौथीपर्यंतच. पण अण्णा देवमाणूस नव्हता. तो होता तसा कुठेतरी राहावा म्हणून आता, काही आठवड्यांनी, लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

लहानपणी वडील मला पट्ट्यानं मारायला लागले की अण्णा मधे पडायचा. एकदा त्यानं पट्टा हिसकून घेतला आणि वडिलांनाच मारलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाला मारायचं ते अण्णा ठरवू लागला. माझं लग्न झाल्यावर त्यानं ह्यांना बेंगळुरूला आपल्या गॅरेजात बोलावून घेतलं. इंजिनचं काम अण्णाचं, वायरिंगचं ह्यांचं. रागावला की हातात असेल ते फेकायचा. एकदा पाना लागून ह्यांची भुवई फुटली. मी हळद दाबून बसले होते, तर संध्याकाळी अण्णाच मटण घेऊन आला. "स्वल्प तिखट कर, सुमे. ह्याला रक्त भरायला पाहिजे," म्हणाला. हे जेवले. मीही वाढलं.

मग पुण्याच्या एका साहेबांची गाडी आली. धावताना काही त्रास नाही, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन तापायचं, तापमानाचा काटा पार वर. अण्णानं रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला. पंख्याची मोटर जळाली होती, तिथं जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची मोटर आणून बसवली. तरी गाडी परत आली. हे म्हणाले, "अण्णा, पंख्याचं एकदा बघू या." अण्णा म्हणाला, "डोळे फुटलेत का तुझे? फिरतोय की गरगर. आता काय त्याला ओवाळू?"

पुढच्या खेपेला साहेब आले ते हाताला बँडेज बांधून. के. आर. पुरमजवळ गर्दीत गाडी अडकली, वाफ आली, आणि त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी कोपरापर्यंत उडालं. "माझी आई बाजूला उभी होती," ते म्हणाले. "तिच्या तोंडावर उडालं असतं तर?"

अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हता. ह्यांच्याकडे बघत होता.

"पंख्याचा सेन्सर कुणी जोडला, शंकर?"

"मी. सेन्सर बरोबर आहे. पंखा वेळेवर लागतोय."

"म्हणजे मी चुकलो. म्हण तसं. साहेबांसमोर म्हण."

मी चहा घेऊन येत होते, गाडी जागेवर चालू होती. अण्णानं ह्यांचा उजवा हात धरून बंपरवर दाबला आणि चाकाचा पाना घातला. तो आवाज मी अजून ऐकते... हे गाडीच्या तोंडाशी खाली बसले. अण्णानं पाना पुन्हा उचलला. मी कप टाकून ह्यांच्यावर वाकले. आता माझ्या पाठीत बसणार होता.

तेवढ्यात जाळीतून गरम वारा तोंडावर आला आणि पदर उडून डोक्यावरून मागे गेला. चालू गाडीसमोर उभं राहिलं की पंखा पदर आत ओढतो. अण्णाच ओरडायचा, सुमे, पदर आवर. इथं पदर बाहेर फेकला जात होता.

"अण्णा," मी म्हटलं, "वारा उलटा येतोय."

त्यानं तळहात जाळीसमोर धरला. बराच वेळ. मग गाडी बंद केली. त्या जुन्या मोटरीचा प्लग बसत नव्हता, म्हणून त्यानं स्वतः वायरी कापून रंगाला रंग जोडला होता. हे तेव्हाच म्हणाले होते, दुसऱ्या गाडीची मोटर आहे, रंगावर जाऊ नका. पंखा फिरत होता, पण उलटा. धावताना समोरचा वारा त्याला पुरून उरायचा. उभ्या गाडीत तो इंजिनची गरम हवाच रेडिएटरवर ढकलत होता.

अण्णानं दोन वायरी अदलाबदल केल्या. गाडी जागेवर चालू ठेवली. काटा मधे येऊन थांबला. मग त्यानं स्वतःचा डावा हात त्याच बंपरवर ठेवला आणि उजव्यानं पाना घातला. दोनदा. साहेब ओरडले. मी नाही ओरडले.

"शंकरला दवाखान्यात ने," तो म्हणाला.

"आणि तू?"

"सांगितलं तेवढं कर."

तो गेलाच नाही दवाखान्यात. बोटं वाकडी जुळली. चुकलो असं कधी म्हणाला नाही. इतरांशी मारामाऱ्या सुटल्या नाहीत, पण ह्यांच्या अंगावर परत हात टाकला नाही. ह्यांच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता, अण्णाची डावी मूठ मिटत नव्हती. त्यामुळे एका नटाला दोघं लागायचे. हे खालून डाव्या हातानं बोल्ट धरून "धरलंय" म्हणायचे, अण्णा वरून उजव्यानं नट फिरवायचा. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे तेवढंच.

काल डबा घेऊन गेले. हे गाडीखाली आडवे होते. पावलं वाजली तशी खालून म्हणाले, "धरलंय." मी उभीच राहिले. पुन्हा म्हणाले, "धरलंय, अण्णा."

मी डबा खाली ठेवला. पाना नटावर बसवला, दोन्ही हातांनी धरला. नट घट्ट होता. मी सगळं अंग टाकलं.