‘गेली’ शब्दाचा सराव

“मुलगी सांगोल्याला गेली.”

बँकेतले साहेब उभे राहून म्हणाले. अख्खा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाई हसल्या. साहेबही हसले. आपलं काहीतरी चुकलं, एवढं त्यांना कळलं होतं.

मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. मुलगी माझी होती. ती सांगोल्याला गेली नव्हती. मेली होती.

टेबलावर दोन चाकांचं टेपचं मशीन होतं. चाकं फिरत होती आणि त्यातून माझा आवाज येत होता. फळ्यावर बाईंनी प्रश्न लिहिले होते. मी चौथी पास आहे, मला वाचता येतं. बाई कोणते काम करत होती? खायला काय मिळत असे? मुलीचे नाव काय? शेवटी मुलीचे काय झाले?

“नाही, नाही,” बाई म्हणाल्या. “नीट ऐका. इथं ‘गेली’ म्हणजे कुठं जाणं नाही. गेली म्हणजे एक्स्पायर्ड.”

“ओहो,” साहेब म्हणाले. खाली बसले. वहीत लिहून घेतलं.

“परत लावते. कान देऊन ऐका सगळ्यांनी.”

बाईंनी बटण दाबलं. चाकं उलटी फिरली. माझा आवाज चिवचिव करत मागं गेला, पाखरं भांडतात तसा. मग खट्ट झालं आणि मी परत बोलायला लागले.

“मी म्हनलं, निजली आसंल. हात लावला तर गार. पोरगी गेली की वो.”

खट्ट. चिवचिव. खट्ट.

“पोरगी गेली की वो.”

“ऐकलंत? आता ‘गेली’ घालून एकेक वाक्य करा. याच अर्थानं.”

रेल्वेतले साहेब म्हणाले, “माझी आजी गेली.”

“छान.”

“माझा कुत्रा गेली.”

“गेला. कुत्रा गेला.”

परत सगळे हसले. माझ्या हातातला चहा गार होत होता.

दुष्काळात आम्ही सांगोल्याकडचं गाव सोडून सोलापुरात आलो. नवरा मार्केटात पोती उचलायचा. मला या माडीवर काम मिळालं. झाडायचं, पुसायचं, चहा करायचा. दोन खोल्या होत्या. एका खोलीत वर्ग भरायचा, दुसऱ्या खोलीत माझा स्टोव्ह. बाहेरच्या प्रांतांतून बदली होऊन आलेले साहेब लोक संध्याकाळी तिथं मराठी शिकायला यायचे. त्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागायची.

बाई चांगल्या घरातल्या. आवाज गोड. सणाला मला साडी द्यायच्या. जुनी, पण इस्त्री केलेली. त्यांना सगळे चांगलं म्हणायचे, मीही म्हणायची.

बाईंची अडचण एवढीच होती की साहेबांना पुस्तक वाचता यायचं, बाईंचं बोलणं कळायचं, पण ऑफिसात खेड्यातलं माणूस समोर आलं की काही कळायचं नाही. हाय, न्हाय, कुटं, तितं. साहेब नुसते तोंडाकडे बघत बसायचे. बाई म्हणायच्या, “यांचे कान तयार व्हायला पाहिजेत.” मग त्यांनी ते मशीन आणलं. मी रोज पुसायची ते. बटणांना हात न लावता पुसायचं, असं सांगितलं होतं.

एका दुपारी बाईंनी हाक मारली.

“अगं, ये. बस. अशी खाली नको, खुर्चीवर बस.”

त्या खुर्च्याही मी रोज पुसायची. बसले त्या दिवशी पहिल्यांदा. बाईंनी माझ्या तोंडासमोर माईक ठेवला.

“मी काय बोलू, बाई?”

“काहीही बोल. दुष्काळाचं सांग. कसे दिवस काढलेत, काय खाल्लंत. आणि हे बघ, शुद्ध बोलायला जाऊ नकोस हं. तुझं आहे तसंच बोल. अडाण्यासारखं.”

मी बोलायला लागले. तळ्याच्या कामावर खडी फोडायचो ते सांगितलं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, वाटपाची सुकडी, टँकर आला की घागरी घेऊन पळणं. बोलता बोलता मी बाभळीपाशी आले. बाभळीला झोळी बांधली होती. झोळीत पोरगी होती.

ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगायचं काही नव्हतं, खड्डा त्यानंच खणला होता. त्या दिवसानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तसं ठरवलं नव्हतं. पण घेतलं नाही. नाव आमच्या दोघांच्या मधे ठेवलेलं होतं, तिसऱ्याचा हात लागू नये असं.

मशीनपुढं मी ते नाव घेतलं.

कारण बाई समोर बसून मान हलवत होत्या. मी थांबले की “हं, मग?” म्हणत होत्या. मला वाटलं, कुणीतरी ऐकतंय. दुष्काळापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर बसून ऐकतंय. मी सगळं सांगितलं. झोळीत हात घातला तेव्हा काय लागलं ते सांगितलं. मुकादम काय म्हणाला ते सांगितलं.

संपल्यावर बाईंनी बटण दाबलं. म्हणाल्या, “वा! काय सुंदर आलंय. आवाजाची सुई एकदाही लाल पट्टीत गेली नाही.”

म्हणजे त्या इतका वेळ सुईकडे बघत होत्या.

तेव्हा मला ते लागलं नाही. मी डोळे पुसले आणि मग खुर्ची पुसली.

दोन-तीन दिवसांनी मी स्टोव्हपाशी होते. वर्गातून एका बाईचा आवाज आला. आमच्याकडची वाटली. बोलण्याची ढब ओळखीची. मी स्टोव्ह बारीक केला आणि कान दिला. गावाकडची कोण आली, काय झालं बिचारीला, म्हणून पदराला हात पुसत बघायला गेले. खोलीत गावाकडची कुणी बाई नव्हती. मशीन होतं.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. आला तेव्हा मी दारातच थांबले. माणूस मेल्यावर त्याचं भूत बोलतं म्हणतात. मी जिवंत होते आणि माझं भूत तिकडं टेबलावर बोलत होतं.

त्या दिवशी बाई नुसतं हाय-न्हाय शिकवत होत्या. मशीन म्हणायचं, “प्यायला पानी न्हाय.” मग सगळे साहेब एका सुरात म्हणायचे, “प्यायला पानी न्हाय.” शाळेत पाढे म्हणतात तसं. नंतर नाव आलं. तेही त्यांनी म्हटलं. प्रत्येकाच्या तोंडात वेगळं झालं ते. एकाला जमेना तर बाईंनी त्याच्याकडून परत परत म्हणवून घेतलं.

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी खात होता.

“तू तिचं नाव घेतलंस? परक्यात?”

“व्हय.”

“मशीनपुढं?”

“व्हय.”

त्यानं ताट सारलं. हात धुतला. मग म्हणाला, “जा आन् मागारी घिऊन ये.”

“नाव मागारी कसं आनू?”

“मला काय ठावं. दिलंस तू. तू आन.”

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन गेले ते मशीनमधली फीत मागायलाच गेले होते. वर्ग सुटल्यावर मागणार होते. हात जोडून मागणार होते. तेवढ्यात बँकेतले साहेब उठून म्हणाले, मुलगी सांगोल्याला गेली. आणि कुत्रा गेली. आणि बाई परत बटण दाबायला लागल्या.

मी ट्रे खाली ठेवला. टेबलापाशी गेले. फिरत्या चाकावर बोट ठेवलं.

चाक थांबलं नाही. जोर लावून फिरत राहिलं. पण हळू झालं. माझा आवाज जाड झाला, लांब झाला. बाईचा राहिला नाही, बाप्याचाही नाही. विहिरीतून कुणीतरी ओरडावं तसा आला.

“पो… र… गी… गे…”



“अगं! हात काढ! मोडेल ते!”

बाईंनी मशीन बंद केलं. चाक माझ्या बोटाखाली थांबलं.

मी म्हटलं, “बाई, ही फीत मला द्या.”

“तुला? तुला कशाला? तुझ्याकडं मशीन आहे का?”

मागं कुणीतरी हसलं.

“मशीन न्हाय. फीत द्या.”

“अगं, ती वर्गाची आहे. या लोकांची परीक्षा आहे.”

“आवाज माजा हाय.”

“तूच बोललीस ना आपणहून? मी जबरदस्ती केली का तुला?”

“तुमी ऐकताय आसं वाटलं मला.”

बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “ऐकलंच की! मी ऐकलं, सगळ्या वर्गानं ऐकलं. आणखी किती ऐकायचं?”

हे त्या मनापासून म्हणाल्या. मला चिडवायचं म्हणून नाही. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी ऐकलं. ते मला तिथं उभ्या-उभ्या कळलं. या बाईला मारून, रडून, पाया पडून उपयोग नव्हता. तिचे कान तयार होते. साहेबांचेही होत होते. माझा शब्द न् शब्द त्यांना कळत होता. कुठं काय आलं, कुणी काय खाल्लं, सगळ्याची उत्तरं येत होती. आणि मी चार हातांवर उभी होते, माझ्याकडे कुणी मान वळवून बघितलं नव्हतं. त्या आवाजाची बाई हीच, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. मला ते चहावाली म्हणून ओळखायचे.

बाईंनी आवाज मऊ केला. “तुझं मन भरून आलंय. साहजिक आहे. असं करू. उद्या आपण दुसरं काहीतरी भरू. आनंदाचं. तुझ्या लग्नातली गाणी म्हण. बोलशील ना?”

“न्हाय.”

मी मोठ्यानं म्हटलं. आणि बाकावरचे एक साहेब, रोजच्या सवयीनं, माझ्यामागून म्हणाले, “न्हाय.”

कुणी हसलं नाही. बँकेतले साहेब वहीत खाली मान घालून बसले. त्यांना तेव्हा कळलं असावं, कुणाची मुलगी ते. नंतर जिन्यात ते मागं आले, “सॉरी बाई” म्हणाले. चांगला माणूस असेल. मी थांबले नाही.

फीत मिळाली नाही. मी ती ओढून तोडायला हवी होती असं लोक म्हणतात. तेव्हा सुचलं नाही. नंतर रोज सुचलं.

त्या माडीवर मी परत चढले नाही. टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. तिथंही चाकंच. कांडी फिरते, सूत गुंडाळत जातं. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, ते मला बरं वाटायचं. पण वीज जायची. वीज गेली की माग एकदम थांबत नाहीत. हळू होतात. खडखड जाड होते, लांब होते, विहिरीत उतरते. आणि सगळा कारखाना ओरडतो, “गेली! गेली!”

दर वेळी माझी बोटं सुतावर घट्ट व्हायची. दर वेळी मी झोळीत हात घालायची.

त्या फितीचं काय झालं, मला माहीत नाही. कुणी पुसून तिच्यावर दुसरं काही भरलं असेल तर बरं. नसेल, तर कुठल्यातरी कपाटात माझी पोरगी अजून आहे. कुणी बटण दाबलं की ती मरते. उलटं फिरवलं की जिवंत होते, चिवचिवते. आणि परत मरते.

त्या संध्याकाळपासून मी माणूस गेलं असं म्हणत नाही. मेलं म्हणते. नवरा मेला तेव्हाही मेला म्हटलं. आळीतले लोक म्हणतात, म्हातारीच्या जिभेला हाड नाही. नसू दे. ‘गेली’ हा शब्द वर्गाचा झाला. माणसासाठी तो मी परत वापरणार नाही.

हे मी पुस्तकासारखं लिहिते आहे तेही त्यासाठीच. मला माझी बोली येत नाही असं नाही. अजून तशीच बोलते. पण तेव्हा तोंडातून निघालं तेवढंच तिच्यात लिहिलं, बाकी कागदावर ती सरावाला मिळणार नाही.

आता कॉलेजातली पोरं येतात. “आजी, दुष्काळाचं सांगा ना. तुमच्या बोलीत.” हातात मोबाईल असतो. मी सांगते, “त्यो भाईर पायरीवर ठिव. मग बस. मी येकदाच सांगनार. परत लावाया मिळनार न्हाय.” बरीचशी पोरं उठून जातात. जाऊ देत. जी बसतात, त्यांनाही तिचं नाव सांगत नाही. इथंही लिहिलं नाही. नवरा मेला, आता ते नाव एकटीकडे आहे. माझ्याबरोबर जाळलं जाईल.

त्या फितीतली बाई मी. पोरगी माझी. मेली.