सरीत भरलेलं पाचट

ऊस तुटून शेवटची गाडी रानाबाहेर पडली की रान पेटवायचं, ही माझ्या सासरची रीत. सासर कुंडलजवळचं, बागायती. माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. लग्नानंतर पहिल्यांदा ते पेटलेलं रान बघितलं तेव्हा मी घाबरून सासूबाईंना विचारलं होतं, "आत्याबाई, आग लागली का कुठं?" सगळ्या जावा पोट धरून हसल्या. पुढं कितीतरी दिवस माझी ओळख 'आग लागली का विचारणारी' अशीच करून देत होत्या.

हसा म्हटलं. मी जिथून आले होते तिथं कुणी काडीलाही उगाच आग लावत नसे. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी घराच्या छपरावरचं जुनं, धुरकटलेलं गवत उपसून बैलांपुढं टाकलं होतं, आणि बैलांनी ते मुकाट्यानं खाल्लं होतं. त्यानंतर फार तर दोनेक वर्षांतली ही गोष्ट. इथं मात्र उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, रानभर गुडघ्याएवढं पसरलेलं आणि त्याला काडी लावायची! धूर एवढा व्हायचा की भर दुपारी सूर्य तांबडा दिसे. वाळत घातलेल्या धुण्यावर काजळीचे तुकडे येऊन बसत. ते धुणं परत धुवायचं कुणी? आम्हीच.

का जाळता, असं विचारलं की प्रत्येकाकडं कारण तयार. पाचट ठेवलं की साप होतात. उंदीर होतात. जाळलं की खोडवा एकसारखा फुटतो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा जे पीक येतं त्याला खोडवा म्हणतात. पण खरं कारण सासूबाईंनी एकदा बोलून दाखवलं. "रान कसं सारवल्यागत दिसाय पायजे. पाचट पडलेलं दिसलं की लोक म्हणत्यात, ह्या घरात माणसं हायत का न्हाईत?"

आमच्या घरात सासरे सोडले तर माणूस नव्हताच. आमचे हे फौजेत. त्यांच्या वाटणीची पट्टी पाटाच्या अगदी शेवटाला होती, त्यामुळं विहिरीच्या पाण्याची पाळी तिथं पोहोचेपर्यंत वरच्या सगळ्यांचं भिजून झालेलं असे. चैत्र आला की खोडवा पिवळा पडायचा. सासरे वैतागले होते. ते म्हणाले, "यंदा वाळला तर ही पट्टी पडच ठिवायची. कशाला उगा पाणी घालवायचं?" 

ही पट्टी माझ्या ताब्यातली होती. मी तिला पड पडू देणार नव्हते. माहेरी आई वांग्याच्या आळ्यात तुरीचा पाला, काडीकचरा असं काहीबाही पसरून ठेवायची. वर ऊन पडलं तरी खाली हात घातला की माती गार लागायची. मला वाटलं, वांग्याला चालतं ते उसाला का चालू नये? पण सगळ्या रानात पाचट पसरलं तर पाणी पुढं सरकणार कसं, म्हणून मी उसाच्या ओळींमधली एक सरी मोकळी सोडायची आणि पुढची पाचटानं भरायची असं ठरवलं. ऊस तुटल्यावर मी ते काम एकटीनं केलं. पाचटाच्या कडा पात्यासारख्या धारदार, कोपरापर्यंत हात चिरले. जाणारा येणारा विचारी, "काय चाललंय?" मी प्रत्येकाला सांगितलं की हे जाळायचं नाही, असंच ठेवायचं. विहिरीवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. लोक मान हलवत आणि पुढं जात.

मग पौषात औंधच्या यमाईची जत्रा आली आणि मी माहेरी गेले.

परत येताना एस.टी.तून लांबूनच धूर दिसला. मी शेजारच्या बाईला म्हणाले, "बघा, कुणी मूर्खानं पुन्हा रान पेटवलंय." चांगली तोंडभर शिवी दिली मी. फाट्यावर उतरून चालत निघाले, बाभळीचं वळण ओलांडलं आणि पाय तिथंच थांबले. पेटलेली पट्टी माझी होती.

माझे चुलत दीर हातात लिंबाचा ओला डहाळा घेऊन बांधावर उभे होते. आग शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून असा डहाळा घेऊन उभं राहतात. तोंड काळं झालेलं, दात तेवढे पांढरे, आणि चेहऱ्यावर कसला आनंद! "वैनी, आलासा? झालं बगा तुमचं काम! फौजीचं रान हाय, आमी न्हाई बघायचं तर कुणी? आन तुमी सऱ्यात भरून ठिवलं व्हतं त्ये लय ब्येस केलंसा. कसं झ्याक पेटलं!"

मी कशासाठी भरलं होतं हे त्यांना मीच सांगितलं होतं. पण सरीत पाचट भरलंय म्हणजे ते जाळायलाच, यापलीकडचं कारण त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांना वाटलं, बिचारी एकटी बाई, सगळी तयारी करून ठेवली आणि काडी लावायला घाबरली.

सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणलं व्हतं गं त्याला, आदी वैनीला इचार. त्यो म्हणला, इचारायचं काय त्यात?"

भांडायचं कुणाशी? कुणी वाईट वागलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. इथं तर उपकार झाले होते. आणि रीत अशी की कामाला आलेल्यांना चहा पाजायचा. मी चहा केला. यमाईचा प्रसाद म्हणून आणलेले चिरमुरे-बत्तासे होते, तेही काढून दिले. डोळ्यांतून पाणी येत होतं तर दीर म्हणाले, "धूर लय झालाय न्हवं!" असा राग मला पुन्हा कधी आला नाही.

खोडवा चैत्रात वाळला. फक्त टोकाचा एक कोपरा वाचला. त्या दिवशी वारं फिरलं होतं आणि त्या कोपऱ्यातलं पाचट न जळता तसंच राहिलं होतं. पाणी सगळ्यात उशिरा पोहोचायचं ते त्याच कोपऱ्यात, आणि ऊस हिरवा होता तोही तिथंच. मी सासऱ्यांना ओढत नेलं, दिरांना नेलं. पाचट बाजूला करून खालची माती हातात दिली. दमट होती.

"बाभळीची सावली पडती हितं," दीर म्हणाले.

"सावलीनं एवढं होतंय, तर मग बाकीच्या बाभळी तोडून गुऱ्हाळाच्या चुलाणात का जाळल्या?" मी विचारलं. 

सासरे म्हणाले, "सूनबाई, आवाज खाली." तिथंच विषय संपला आणि पट्टी पड पडली. आमचे हे सुट्टीवर आले तेव्हा त्यांनाही तो कोपरा दाखवला. "पाचटच तर हाय, किती मनाला लावून घेतीस," एवढंच बोलले आणि वरच्या रानाचं पाचट पेटवायला भावाबरोबर निघून गेले.

मोटा जाऊन विहिरींवर इंजिनं आली होती. जमिनीवरचं पांघरूण जाळायचं, मग ती तापली, सुकली की इंजिन आणखी चालवायचं, डिझेल जाळून खोलवरचं पाणी वर काढायचं आणि त्या उघड्या मातीवर ओतायचं. हा उलटा कारभार मला तेव्हाही दिसत होता. त्याला नाव मात्र माझ्याकडं नव्हतं. आता टीव्हीवर रोज सांगतात की पृथ्वी तापते आहे, कोळशाचा आणि तेलाचा धूर, तोडलेली झाडं यांमुळं पावसाचं वेळापत्रक बिघडलं आहे. आमच्या गावानं एकट्यानं जग तापवलं असं मी म्हणणार नाही, तेवढी आमची ऐपत नाही. पण त्यात आमचीही काडी आहे, आणि ती काडी आम्ही एकमेकांवर उपकार म्हणून लावली आहे.

परवा दीर घरी आले. आता खूप थकलेत. डोक्यावर ओला टॉवेल टाकून सोप्यात बसले. "वैनी, काय ह्ये ऊन! फागुनातच असं, तर वैशाखात काय हुईल?" मग जवळ सरकून मोठी बातमी सांगावी तसं म्हणाले, "काल श्येतीचं सायेब आलं हुतं. म्हणलं, पाचट जाळायचं न्हाई. सरीत भरायचं, एक सोडून एक. म्हंजी वल राहती, जमीन तापत न्हाई. पटलं बगा मला. आवं, तुमच्या म्हायेराकडं करत व्हते न्हवं असलं काय तरी? मग तवाच आमाला सांगायचं न्हाई व्हय?"

मी आत गेले, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं आदळला.