रेकॉर्डचा नंबर

जुन्या रेकॉर्डचा लाखेसारखा वास आला की थोरले दीर आठवतात आणि अजून तिटकारा येतो. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या पालघरच्या घरात दीर रेकॉर्ड कंपनीनं छापलेल्या नंबरांच्या क्रमानं रेकॉर्डी रचून ठेवत. ऐकत मात्र एकही नसत. नव्या नवरीला, मला, ते रसिक वाटले होते.

मुरब्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईला कळलं, की तिच्या वारलेल्या बहिणीनं गायलेल्या गाण्याची रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे.

"भाऊ, एकदा लावा ना. तिचा आवाज ऐकायचा हाय."

"सुईनं झिजते. हा नंबर पुन्हा मिळायचा नाही," म्हणत त्यांनी तिला नुसता नंबर वाचून दाखवला.

हिराबाईनं पदराला हात पुसले, रेकॉर्ड उचलली आणि कानाशी धरली. दिरांनी ती हिसकावली आणि तिचा कान लागला होता तिथे रुमालानं पुसली.