खालच्या डॉक्टरांची यंत्रपरीक्षा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पटकन केलेली नाही. ते पटकन हसत नाहीत, पटकन रागावत नाहीत, आणि शिंक आली तरी आधी खिशातला रुमाल चाचपून मगच तिला परवानगी देतात. लग्नाआधी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बघायला ते नागपूरहून कोल्हापूरला इतक्या वेळा गेले म्हणे, की शेवटी त्यांच्या सासऱ्यांनीच हात जोडून विचारलं, "आता नेमकं काय बघायचं राहिलंय?" यात त्यांचा स्वभाव किती आणि धंदा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांचा सगळा जन्म इथल्या, चंदीगडच्या सरकारी हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेला. कापणारा डॉक्टर कापून मोकळा होतो. भूल देणाऱ्याला मात्र पेशंट उठून स्वतःचं नाव सांगेपर्यंत त्याच्या उशाशी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. डॉक्टर निवृत्त झाले तरी उशाशी बसायची सवय काही सुटलेली नाही. फरक एवढाच, की आता पेशंटच्या जागी आम्ही शेजारीपाजारी आहोत.

त्यांच्या घरी गेलं की पहिला प्रश्न येतो, "काही खाल्लंय का?" नवखा माणूस या आतिथ्याने भारावून जातो. आमच्या समोरच्या कोठीतलं, म्हणजे बंगल्यातलं, पंजाबी जोडपं पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलं तेव्हा रिवाजाप्रमाणे म्हणालं, "नहीं जी, सुबह से कुछ नहीं, पर तकल्लुफ मत कीजिए." डॉक्टरांचा चेहरा उजळला. "शाबाश," असं म्हणून ते निर्धास्तपणे खुर्चीला टेकले आणि गप्पा मारू लागले. उपाशी पोटाचा माणूस म्हणजे भूल द्यायला एकदम सुरक्षित, त्याला कशाला काही खायला घालायचं! शेवटी काकू स्वयंपाकघरातून चिवड्याची बशी घेऊन धावत आल्या म्हणून शेजारसंबंध टिकले. दुसरी सवय म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या जबड्याकडे आणि मानेकडे बघण्याची. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना डॉक्टरांनी नमस्कार केला आणि लगेच म्हणाले, "जरा तोंड उघडा बरं. आणखी मोठं. आता मान मागे." सासूबाईंनी घाबरून सगळं केलं. डॉक्टर प्रसन्न होऊन मला म्हणाले, "काही काळजी करू नका बाप्पा. वेळ आलीच तर यांना श्वासाची नळी एकदम सहज जाईल." त्या मुक्कामात सासूबाई पुन्हा खाली उतरल्या नाहीत.

यंत्रावर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मी सगळी हयात यंत्रांबरोबर काढली," ते म्हणतात, "म्हणून सांगून राहिलो." कुकर लावण्याआधी ते शिटी उजेडात धरून तिच्यातून फुंकर मारतात. घरात इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर बंद पडला तर मेणबत्ती आहे, मेणबत्ती सापडली नाही तर ती शोधायला बॅटरी आहे, आणि बॅटरीचे सेल संपले तर काय, हा विचार मनात आला की ते वर माझ्याकडे येतात. मी आयटी पार्कातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. मला साधा पंखा दुरुस्त करता येत नाही. पण "तुम्ही कॉम्प्युटरवाले, मशीन म्हणजे तुमचाच विषय," असं डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

या सावध माणसाला एकच चैन ठाऊक आहे: काळी कॉफी, फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेली. आमच्या गावात कॉफी म्हणजे लग्नाच्या मांडवात फुस्स करत वाफ सोडणाऱ्या यंत्रातून निघालेला फेस आणि वर चॉकलेटची पूड. तो पेला हातात दिला की डॉक्टर त्याच्याकडे संशयाने बघतात आणि कुंडीतल्या झाडाला देऊन टाकतात. उलट काकूंना कॉफीचा वासही सोसत नाही. त्यांना लागतं गरम पाणी. इथल्या धुक्याच्या दिवसांत तर सकाळचा चहा त्या स्वतः करून घेतात आणि मग दिवसभर पेल्यामागून पेला कढत पाणी पीत हिंडतात. त्यामुळे दोघांचाही संसार पाणी उकळायच्या एका किटलीवर चालला होता.

मग काकूंचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. आणि नवरात्र संपता संपता एका सकाळी ती उकळती किटली त्यांच्या हातातून निसटली आणि मनगट भाजलं. जखम भरली, पण पुण्याहून लेकीचा फोन आला तो थांबेचना. आईला एकटीला स्वयंपाकघरात सोडायचं नाही, तुम्ही दोघं आता इकडेच या, मी खोली तयार करतेय. डॉक्टरांना पुण्याचं नाव काढलं की दम लागतो. हे सरळ रुंद रस्ते, ही झाडं, पहाटेचा तलावाकाठचा फेरा, आयुष्यभराची माणसं, हे सगळं सोडून कुठल्याशा सोसायटीच्या नवव्या मजल्यावर जाऊन बसायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. काकूंनी मात्र शांतपणे आपला निकाल सांगून टाकला होता. "ज्या दिवशी माझं पाणी मला घेता येईना, त्या दिवशी मी स्वतः बॅग भरीन. नवऱ्याने पेला धरायचा आणि मी प्यायचं, असलं मला जमायचं नाही." लेक उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन काय ते ठरवणार होती. तोवर डॉक्टरांनी किटली फळीवर उंच ठेवून दिली आणि काकूंच्या प्रत्येक पेल्याला स्वतः पाणी ओतू लागले. काकू तो पेला घेत, पण तोंडाने एक शब्द बोलत नसत.

अशा परिस्थितीत डॉक्टरांना कुठूनसा शोध लागला, की ड्रिप कॉफीमेकरमध्ये असाही एक प्रकार असतो ज्याला एका बाजूला गरम पाण्याचा वेगळा नळ असतो. उचलायचं काही नाही, ओतायचं काही नाही. पेला खाली ठेवा, दाबा, पाणी. एका अंगाने त्यांची कॉफी, दुसऱ्या अंगाने काकूंचं पाणी, आणि पुण्याची खोली रिकामीची रिकामी. दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी यंत्र मागवलं असतं. डॉक्टरांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

ते रोज इंटरनेटवर लोकांची मतं वाचत, पण फक्त एक चांदणी देणाऱ्यांची. "पाच चांदण्यावाले काय, काल यंत्र घेतलेले असतात," ते मला म्हणाले. "ज्याचं बिघडलं त्याला विचारा. माझा पेशंट नीट उठला तर त्याला माझं नावही आठवत नसे." या न्यायाने एक यंत्र गळतं म्हणून बाद झालं, एक पाणी कोमट देतं म्हणून, एकाची झाकणाची बिजागरी नाजूक म्हणून. एका यंत्राचं सगळं उत्तम होतं, पण नळाला लहान मुलांसाठी कुलूप होतं: एक बटण धरून ठेवायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबायचं. डॉक्टर बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले. "दोन हात लागतात याला," एवढंच म्हणाले आणि ते पान बंद केलं.

चित्रावर भागेना तेव्हा बावीस सेक्टरच्या बाजारात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. असलं यंत्र आपल्याकडे सहजी मिळत नाही. कुणी वाफेचं यंत्र दाखवी, कुणी पाण्याचा मोठा डिस्पेन्सर. एकाने तर गीझर दाखवला. शेवटी एका दुकानात ऑफिसांसाठी मागवलेलं एक यंत्र सापडलं. डॉक्टरांनी त्याला खालून, मागून, बाजूने पाहून घेतलं, वायरचा वास घेतला, आणि मग समोर उभं राहून आपला उजवा हात थरथर कापवत नळाच्या खटक्याकडे नेऊ लागले. दुकानदाराचे डोळे पांढरे झाले.

"बाऊजी, तुस्सी बैठो! ओए, पानी ला, चीनी पा के!" तो साखरपाणी मागवत ओरडला.

"मैं ठीक हूँ," डॉक्टर हात कापवतच म्हणाले. "ये हाथ मेरा नहीं है. मेरी बीवी का है."

हे ऐकल्यावर दुकानदाराची उरलीसुरली शंका फिटली. त्याने डॉक्टरांना धरून खुर्चीत बसवलं, पंखा लावला, आणि कुणीतरी रुग्णवाहिकेचं नाव काढलं. गर्दी जमली. मी सगळ्यांना समजावत होतो, पण माझ्याकडे "बेचारा बेटा" अशा नजरेनेच सगळे बघत होते. तेवढ्यात गर्दीतून एक आडदांड गृहस्थ पुढे आले आणि ओरडले, "अरे, ये तो बेहोशीवाले डॉक्टर साब हैं! मेरे पित्ते का ऑपरेशन हुआ था, इन्होंने ही सुलाया था." डॉक्टरांनी त्यांना नीट न्याहाळलं. चेहऱ्यावरून नजर घसरून खाली आली आणि ओळख पटली. "नाम याद नहीं है," ते आनंदाने म्हणाले, "गर्दन याद है. छोटी गर्दन. बहुत तकलीफ दी थी आपने." त्या गृहस्थांनी डॉक्टरांच्या पायांना हात लावला, दुकानदाराने सगळ्यांना लस्सी पाजली, आणि यंत्र नापास झालं, कारण खटका फार घट्ट होता.

परतताना गाडीत मी सहज म्हणालो, "डॉक्टर, काकूंनाच एकदा दुकानात आणू या ना. त्याच दाबून बघतील."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकांसमोर तिला हात पुढे करायला सांगू?" आणि थोड्या वेळाने, "मला नाही बघवत हो तो हात. जेवताना मी ताटातच बघून राहतो." मला फार वाईट वाटलं.

अखेर वसंतात मनासारखं यंत्र मिळालं. दूरच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलं. त्याच्या नळाला खटक्याऐवजी रुंद पट्टी होती, मुठीने, मनगटाने, कशानेही लोटता येणारी, आणि सोडली की पाणी लगेच थांबे. डॉक्टरांनी त्याला पुरतं छळलं. थर्मामीटर लावला, इन्व्हर्टरवर चालवलं, वीज मध्येच बंद करून पाहिली, आणि कॉफी इतकी गाळून वर पाठवली की आमच्या घरात सगळ्यांची झोप उडाली. इलेक्ट्रिशियन बोलावून ओट्याच्या उजव्या टोकाला नवा प्लग बसवला आणि यंत्र उजव्या भिंतीला खेटून उभं केलं, म्हणजे काकूंना उजवा कोपर भिंतीला टेकवून पट्टी लोटता येईल. काकूंना मात्र यंत्राला हात लावू दिला नाही. लेक आली की तिच्यासमोरच दाखवायचं, असा बेत होता.

लेक आली. हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ती आईवडिलांना घेऊन जायला आली होती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मलाही साक्षीला बोलावलं होतं. डॉक्टर एखाद्या विद्यार्थिनीला शिकवावं तसे बोलू लागले. "आता कोपर इथं टेकव. घाई नाही. उजवा हात असा पुढे..."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पेला डाव्या हातात घेतला, नळाखाली ठेवला, आणि डाव्याच हाताने पट्टी लोटायला गेल्या. भिंतीमुळे त्यांचं अंग नीट वळेना. "हे असं भिंतीत काय गाडून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "पुढं सरकवा जरा."

"पण उजवा हात..." डॉक्टर म्हणाले.

"उजवा कुठं वापरते मी? भाजलं त्या दिवसापासून सगळं डाव्यानंच चाललंय. फोडणी, कुलूप, वेणी. फक्त किटली तेवढी तुम्ही वर नेऊन ठेवलीत."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? रोज समोर बसून जेवता की."

बाजारातल्या परक्या माणसाची मान ज्यांनी ओळखली, त्या डॉक्टरांनी गेला अख्खा हिवाळा काकूंचा घास कुठल्या हाताने तोंडाशी जातो ते पाहिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने यंत्र भिंतीपासून ओढून मोकळ्या जागेत आणलं. काकूंनी पट्टी लोटली. पेला भरला, पाणी थांबलं. मग दुसरा पेला भरून त्यांनी लेकीपुढे धरला. "देवानं हात दोन दिलेत. एक गेला, एक आहे. तो आहे तोवर मी इथंच." लेकीने पेला घेतला आणि पदर नाही म्हणून ओढणीने डोळे पुसले. सुट्टी संपल्यावर ती एकटीच परत गेली.

डॉक्टर त्यानंतर एकदा जिन्यात मला म्हणाले, "डावाही जाईल. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे. केव्हा ते विचारू नका." या शहरातून आमची किती मराठी घरं उठून गेलेली मी पाहिली आहेत. कुणाची बदली होते, कुणी मुलांकडे जातं, आणि दिवाळीच्या फराळाला पंगत दर वर्षी थोडी लहान होते. हे घरही एक दिवस उठेल, आणि त्या दिवशी मला या जिन्यावरून खाली बघवणार नाही.

परवा सकाळी मी पाण्याच्या मोटरची किल्ली मागायला खाली गेलो. काकू यंत्रापाशी उभ्या होत्या आणि डॉक्टर दारात, हात पाठीमागे बांधून. आता ते रोज तसे उभे असतात आणि काकूंच्या हाताकडे सरळ बघतात. काकूंनी पट्टी लोटली, आणि या वेळी डावा हात किंचित हलला. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. डॉक्टरांच्या पाठीमागची बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतली की पांढरी पडली; पण त्यांनी पाऊल उचललं नाही. काकूंनी फडकं घेतलं, सावकाश ओटा पुसला, आणि पेला पुन्हा नळाखाली ठेवला. डॉक्टर बघत राहिले. पेला भरल्यावर काकू तो घेऊन त्यांच्या शेजारून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि उन्हात बसून पाणी पिऊ लागल्या.