कोळ्याच्या पिल्लांची पाचवी

विरारला मनवेलपाड्यात माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा वर्षातून एखादं तरी गिऱ्हाईक 'भुताचा' फोटो घेऊन यायचंच. साहेब, हे मागे पांढरं काय दिसतंय बघा ना... मी बघायचो आणि सांगायचो, "भूत नाही हो, फ्लॅश काचेवर मारलाय. पुढच्या वेळी काच टाळा." जे निगेटिव्हवर नाही ते जगात नाही, असं माझं साधं गणित. देवाला हात जोडतो, पण उतारा, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नाही. आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना माझी जरा पंचाईत होतेय.

साल २००२ असेल. पावसाळ्याच्या तोंडावर आगाशीला आमच्या वाडीतला, म्हणजे बागेतला, जुना फणस पाडला. खोडाच्या ढोलीतून हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी बाहेर आला. टॅरँटुला! तोडणाऱ्याने घाबरून कुऱ्हाडीच्या दांड्याने तिथल्या तिथे चेचला. मग आत पाहिलं तर पिल्लं... तांदळाच्या दाण्याएवढी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. चेचली ती आई होती, हे तेव्हा कळलं.

माझी बायको वैशाली पुढे झाली. जेवणाचा डबा रिकामा केला आणि झाडूच्या हिराने पिल्लं त्यात उतरवून घ्यायला लागली.

"अगं, काय करतेस? विषारी असतील!"

"आई नाही त्यांना," ती म्हणाली.

मी तिला अडवलं नाही. कारण सांगतो. आदल्या दिवाळीत आम्हाला मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं, पाचवी पुजायची राहिली. तेव्हापासून वैशाली घरात बोलायची ते 'जेवायला वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' एवढंच. रडलीसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणायचे, वेळ द्या. वेळ देऊन देऊन मी टेकीला आलो होतो. आणि ही बाई आता कोळ्याच्या पिल्लांना 'हळू रे, पडशील' म्हणत होती! म्हटलं, कोळी तर कोळी. बोलू दे.

एकत्र ठेवली तर ती एकमेकांनाच खातात, हे लगेच लक्षात आलं. मग प्रत्येकाला वेगळं घर हवं. स्टुडिओत रोलच्या रिकाम्या डब्या पोतंभर पडल्या होत्या — त्या पांढरट, आतलं अंधुक दिसणाऱ्या. मी मेणबत्तीवर सुई तापवून झाकणाला भोकं पाडायचो. वैशाली तळाशी काथ्याचा ओला भुसा घालायची, मग एक पिल्लू, मग त्याच्यापुढे वाळवीचा एक किडा. वाळवीला आमच्या चाळीत तोटा नव्हता. एकदा डबी उजेडात धरून म्हणाली, "हा बघा, तुमच्यासारखाच. खाल्लं की पाय पसरतो." आणि हसली. खरं सांगतो, मी लगेच आणखी चार डब्यांना भोकं पाडून दिली.

पण फोटोग्राफरचा हात घात करतो तो असा. डबीचं झाकण अंगठ्याने 'टक' करून दाबायचं आणि डब्या कपाटात एकावर एक रचायच्या, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. रोलला बाहेरची दमट हवा लागता कामा नये ना! वरच्या डबीचं बूड खालच्या झाकणाच्या भोकांवर नेमकं बसतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत वाफ धरली, बुरशी आली. रोज सकाळी एखाददुसरं पिल्लू पाय आखडून पडलेलं. वैशाली ती डबी वरच्या फळीवर ठेवायची आणि कामाला लागायची. हळूहळू परत 'जेवायला वाढलंय' सुरू झालं. मला धडकीच भरली. सगळी पिल्लं गेली तर ही आता कायमची गप्प होणार...

त्यातच आगाशीहून माझी आई राहायला आली. डब्यांची रांग बघितली, सुनेचं तोंड बघितलं, आणि चहा पिता पिता म्हणाली, "पाचवी पुजली का यांची?"

"आई, काहीतरीच काय! कोळी आहेत ते."

"मग? जल्मले नाय का ते? सटवाई कपाळ बघते, पाय नाय मोजत."

पाचवी हा शब्द त्या घरात कुणी काढत नव्हतं. मी घाबरून वैशालीकडे पाहिलं. ती उठली आणि ओट्याखालचा पाटा ओढून बाहेर घेऊन आली.

दिवेलागणीला दोघींनी पूजा मांडली. पाट्यावर वरवंटा, हळदकुंकू, शेजारी कोरा कागद आणि माझं पेन. का, तर रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. जिवंत पिल्लांच्या डब्या परातीत पसरून ठेवल्या. तेवढ्यात आईने मी स्टुडिओतून घरी आणून ठेवलेल्या पोत्यातून एक कोरी डबी काढली, झाकण लावलं आणि तीही परातीत ठेवली.

"आई, ती रिकामी आहे. भोकंही नाहीत तिला."

"माझं मी बघते. तू वात सरळ कर."

सकाळी वैशालीच्या हाकेने जाग आली. "अहो! ही भोकं तुम्ही पाडलीत?" इतका मोठा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

परातीतल्या प्रत्येक डबीला कडेने नवी भोकं होती. एका बाजूला खाली, भुशाच्या जरा वर. समोरच्या बाजूला वर, झाकणाच्या जरा खाली. बारीक, सारखी. पिल्लं आत टुणटुणीत. फळीवरच्या मेलेल्यांच्या डब्या तशाच होत्या, त्यांना काही नाही. कागद कोरा, पेन जागच्या जागी. वैशाली एकेक डबी उजेडात धरून बघत होती, आणि शेवटी तिच्या हातात ती रिकामी डबी आली. तिलाही भोकं होती.

"आई... ही कुणाची?"

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तिची. पाचवी राह्यली होती ना गं पोरीची."

वैशालीने ती डबी छातीशी धरली आणि रडली. ओक्साबोक्शी, सगळी चाळ गोळा होईल अशी. मीही रडलो, लपवत कशाला बसू?

डोळे कोरडे झाल्यावर मात्र माझ्यातला फोटोग्राफर जागा झाला. आईला मोतीबिंदू, तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. वैशालीवर संशय होता, तिने पिल्लांची शपथ घेतली. माझी सुई स्टुडिओत, चावी माझ्या उशाशी. आणि एका खोलीच्या घरात प्लास्टिक जळलं तर वास येणार नाही? निगेटिव्ह बघायचं भिंग लावून बघितलं. तापल्या सुईने भोक पाडलं की कडेला फुगीर कंगोरा येतो. इथे कंगोरा नाही. मी कंपासच्या टोकाने, गॅरेजवाल्याच्या ड्रिलने, सगळ्याने पाडून बघितलं. डबी तडकते तरी, नाहीतर कंगोरा येतो. शेवटी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने लिहिलं होतं की नुसती झाकणाला भोकं पुरत नाहीत, समोरासमोर दोन बाजूंना पाडा, एकीकडे खाली, एकीकडे वर, म्हणजे हवा खेळते. अहो, हे आमच्या घरात त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं!

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. पावसाळा सरल्यावर वैशालीने ती आगाशीच्या वाडीत झाडांवर सोडली. आणि ती स्वतः इतकी बोलायला लागली की आता कधीकधी मीच हात जोडतो.

डिजिटल आलं, रोल गेले, स्टुडिओही बंद झाला. उत्तर काही मला मिळालेलं नाही, आणि सटवाई म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. प्लास्टिकमधलं कुणाला कळत असेल तर जरूर घरी या. पोरीची ती रिकामी डबी शोकेसमध्ये आहे. भिंग देईन, हातात घेऊन खुशाल बघा. फक्त झाकण 'टक' करून दाबायचं नाही. ते मीही कधी दाबलेलं नाही.