हद्दीपलीकडचा एक पट्टा

क्लिफर्ड बर्टविसल अडुसष्ट वर्षांचा होता, बिनलग्नाचा होता, आणि शेजारणीच्या प्रेमात आकंठ बुडाला होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्याला ठाऊक होत्या. तिसरी लार्च क्लोजमधल्या अकराही घरांना ठाऊक होती, पण कोणी ती त्याच्या कानावर घातली नव्हती. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, हे आमच्या गल्लीत पोरं चालायच्या आधी शिकतात.

एकेचाळीस वर्षं त्याने इंग्लंडातल्या क्लिदरो गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत वजनकाट्यावर काढली. भरलेला ट्रक यायचा, क्लिफर्ड वजन सांगायचा, ट्रक जायचा. माणसांशी याहून जास्त बोलायची वेळ त्याच्यावर आली नाही, आणि आली असती तर त्याने खिडकी लावून घेतली असती. जे काय मनातलं असेल ते तो गवतावर काढायचा.

आणि काय ते गवत! जानेवारीत दहिवर गोठलं की हा पठ्ठ्या दारात उभा राहून पोस्टमनला ओरडायचा, "फरशीवरून! फरशीवरून या!" कारण गोठलेल्या गवतावर पाय पडला की तिथे वसंतापर्यंत तपकिरी ठसा राहतो. फेब्रुवारीत गवत कापायच्या मशीनच्या पात्यांना धार. मार्चमध्ये पहिली कापणी, तीही नुसती शेंडे उडवण्यापुरती, बाळाच्या जावळाला हात लावावा इतकी हळुवार. एप्रिलात खत आणि शेवाळाचं औषध. मे-जूनमध्ये दर शनिवारी दहा वाजता कापणी, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कधीही नाही, आणि गवत ओलं असेल तर मुळीच नाही. मशीनच्या मागे वजनदार रूळ होता, त्यामुळे जाताना एक पट्टा फिका पडायचा आणि येताना एक गडद. लोक कुत्री फिरवायला मुद्दाम त्या बाजूने यायचे.

पण लॉन त्याच्या एकट्याचं नव्हतं. भिंतीला भिंत लागून दोन घरं, आणि दोन्हींपुढे एकच सलग हिरवा तुकडा. अर्धा क्लिफर्डचा, अर्धा मिसेस ऑल्विन प्रॉसरचा. मध्ये कुंपण नाही, दगड नाही. हद्द म्हणजे पावसाच्या पाइपपासून दिव्याच्या खांबापर्यंत नजरेने ओढलेली रेघ.

ऑल्विनबाई मूळच्या वेल्सच्या. विधवा. तीस वर्षं त्यांनी तलावावर पोरांना पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतले लोकही उत्तर द्यायचे. त्यांच्या अर्ध्या भागात शेवाळ होतं, डेझीची फुलं होती, तीन पानांचं क्लोव्हर होतं, आणि त्यावर मधमाश्यांची जत्रा. गवत कापायला त्यांच्याकडे एक बिनचाकाचं नारिंगी विजेचं यंत्र होतं. ते जमिनीवर तरंगत कुठेही घसरत जायचं आणि बाई त्याच्यामागे हसत जायच्या.

आता बिनकुंपणाच्या लॉनची आमच्याकडे एक रीत आहे. आपलं कापून झालं की हद्द ओलांडून शेजाऱ्याचा एक पट्टा कापायचा. एकच. हद्दीवर बरोबर थांबलात तर तो अपमान. दोन पट्टे कापलेत तर ती घुसखोरी. एक पट्टा म्हणजे, मी तुमचा शेजारी आहे, माझं तुमच्याशी बरं आहे, आता कृपा करून बोलायला येऊ नका. दोन वर्षं क्लिफर्डने ऑल्विनबाईंचा एक पट्टा कापला, त्यांनी त्याचा एक कापला, आणि कोणाचंही कुठे अडलं नाही.

मग मे महिन्यातला तो शनिवार आला. ऑल्विनबाई पिवळा झगा घालून वरच्या मजल्यावरची खिडकी पुसत होत्या आणि वेल्श भाषेत कसलं तरी भजन म्हणत होत्या, खड्या आवाजात, काच थरथरेल अशा. क्लिफर्डने वर पाहिलं. फक्त पाहिलं. मशीन मात्र चालतच होतं, आणि खाली पाहिलं तेव्हा दुसरा पट्टा कापून झाला होता.

त्याच्या पाचावर धारण बसली. कापलेलं गवत परत चिकटवता येत नाही. तो घरात पळाला आणि त्याने बहिणीला फोन लावला. मर्टल त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि जगात त्याला "गाढवा" म्हणायचा हक्क फक्त तिला.

"मर्टल, माझ्या हातून दोन झाले."

"दोन काय? बिअर?"

"पट्टे. मिसेस प्रॉसरच्या बाजूला."

"क्लिफर्ड, तू शुद्धीवर होतास ना?"

"त्या गात होत्या."

"अरे देवा," मर्टल म्हणाली, आणि हसू दाबायचा तिने जो प्रयत्न केला त्यात तिला ठसका लागला. "अरे गाढवा, तुला ती आवडते!"

"काहीतरीच काय!" क्लिफर्डने फोन ठेवला, खुर्चीवर बसला आणि विचार केला. विचार करता करता त्याचे कान लाल झाले. खरंच की! आवडते की! अडुसष्टाव्या वर्षी, भर सकाळी, स्वयंपाकघरात, पायात एकच बूट असताना त्याला हे कळलं, आणि तो एकटाच फिदीफिदी हसत सुटला.

सोमवारी ऑल्विनबाईंनी नारिंगी यंत्र बाहेर काढलं आणि क्लिफर्डच्या बाजूचे तीन पट्टे कापले.

तीन! आणि कापले म्हणजे कसले, भादरले. मातीपर्यंत. ज्या गवताला त्याने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कधी हात लावला नाही, त्यावर गोल गोल टक्कल पडलं होतं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर क्लिफर्डने अंथरूण धरलं असतं. इथे तो गुडघ्यांवर बसला, त्या टकलांवरून हात फिरवला, आणि त्याला इतका आनंद झाला की उठताना कंबर धरली तरी कळलं नाही.

शनिवारी त्याने चार कापले. बाईंनी पाच. त्याने सहा. गल्लीतल्या लोकांनी शनिवारी दहाच्या सुमारास आपापल्या खिडक्या धुवायला काढल्या. जून संपेपर्यंत क्लिफर्ड थेट ऑल्विनबाईंच्या पायरीपर्यंत कापत होता आणि बाई थेट त्याच्या पायरीपर्यंत, म्हणजे दोघेही फक्त दुसऱ्याचंच लॉन कापत होते. त्याने त्यांच्या डेझींना वळसा घालायला सुरुवात केली. मधमाश्यांसाठी थांबायचा. आणि या सगळ्या काळात दोघांमध्ये एकूण किती बोलणं झालं?

"छान हवा आहे, मिस्टर बर्टविसल."

"हो. पण टिकणार नाही, मिसेस प्रॉसर."

एवढंच. पण ते म्हणताना दोघांचे चेहरे असे, की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं.

आणि घात असा की हवा टिकली. जुलै कोरडा गेला. पाइपने पाणी घालायला बंदी आली. गवत आधी निस्तेज झालं, मग पिवळं, मग चपातीच्या रंगाचं. अशा वेळी काय करायचं हे क्लिफर्डला पाठ होतं: काही करायचं नाही. मुळं जिवंत असतात, गवत झोपलेलं असतं. कापलं तर मरतं. पाऊस येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

त्याने हात लावला नाही. शनिवार येत आणि जात राहिले. तो पडद्याआडून वाळलेल्या लॉनकडे बघत बसायचा आणि त्याचा जीव कासावीस व्हायचा, कारण गवताशिवाय त्या बाईंशी बोलायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. पलीकडे ऑल्विनबाईंना गवताच्या झोपेची काही कल्पना नव्हती. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की आपण त्याच्या पायरीपर्यंत गेलो आणि त्या दिवसापासून हा माणूस बाहेर फिरकलेला नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी क्लिफर्डची बेल वाजवली. हातात मोजायची टेप होती.

"मिस्टर बर्टविसल, मी म्हणत होते, मध्ये एक कुंपण घालून टाकावं. म्हणजे तुम्हाला माझा त्रास नको. तुमची काही हरकत?"

नको, असं क्लिफर्डच्या पोटातून ओरडून आलं. नको, नको, हजार वेळा नको! पण तोंडाला सवय दुसरीच होती.

"छे छे," तो म्हणाला. "हरकत कसली? उत्तम कल्पना."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

"मनापासून सांगताय?"

"मी तर म्हणतो, आधीच सुचायला हवं होतं." आणि त्यावर कडी म्हणजे त्याने टेपचं दुसरं टोक धरलं, दिव्याच्या खांबापर्यंत चालत गेला, आणि माप ओरडून सांगितलं. अर्ध्या इंचासकट. सवयच ती!

रविवारी मर्टल चीज-कांदा भरलेली पेस्ट्री घेऊन आली. सगळं ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे ज्या कुंपणाने तुझं वाटोळं होणार, त्याचं माप तूच देऊन आलास?"

"मग काय सांगणार होतो?"

"नको म्हणून सांगायचं! दोन अक्षरं आहेत!"

"असं तोंडावर कसं म्हणायचं, मर्टल? त्यांनी इतकं सभ्यपणे विचारलं."

"मग बस तुझ्या सभ्यपणाचा मुरांबा घालून," मर्टल म्हणाली, आणि रागाने पेस्ट्रीचा मोठा तुकडा स्वतःलाच वाढून घेतला.

सप्टेंबरात पाऊस आला आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा हिरवं झालं. क्लिफर्डने शरदातली कामं काढली. दाताळ्याने मेलेलं गवत विंचरून काढलं, टोकदार दात्यांच्या फावड्याने वीतभर अंतरावर भोकं पाडली, टकलांवर नवं बी पेरलं, वर चाळलेली माती झाडूने पसरली. हद्द आली तिथे तो थांबला. बरोबर हद्दीवर. दोघांमध्ये कुंपण येणार असताना पलीकडे पाऊल टाकणं त्याला जबरदस्ती वाटली. ऑल्विनबाई खिडकीतून बघत होत्या. त्या दिवशी भजन झालं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी कुंपणवाले आले. दोघे जण, एक टेम्पो, चौदा लाकडी खांब. भुरभुर पाऊस चालू होता. त्यांनी दोन खुंट्या ठोकून पावसाच्या पाइपपासून दिव्याच्या खांबापर्यंत गुलाबी दोरी ताणून बांधली आणि पहिला खड्डा कुठे घ्यायचा यावर चहा पीत चर्चा सुरू केली. क्लिफर्ड खिडकीत उभा होता. दोरी इतकी सरळ होती, इतकी बरोबर होती, की तिच्याकडे बघून त्याच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

तो शेडमध्ये गेला आणि त्याने मशीन सुरू केलं.

मंगळवारी! पावसात! ओल्या गवतावर! समोरच्या घरातल्या बाईने नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या, बर्टविसलला वेड लागलं!" क्लिफर्ड स्वतःच्या दारातून निघाला तो आडवा, थेट ऑल्विनबाईंच्या दाराच्या दिशेने. नव्या पेरलेल्या बियांवरून, ज्यावर तो चिमणीलाही बसू देत नव्हता, तो धडधडत गेला. मागे काळ्या चिखलाची वाट पडत होती आणि ओलं गवत त्याच्या तोंडावर उडत होतं. कुंपणवाले कप घेऊन बाजूला झाले.

ऑल्विनबाई दार उघडून बाहेर आल्या. "मिस्टर बर्टविसल! हे काय चाललंय?"

"माझी हरकत आहे!" तो ओरडला.

"काय? मशीन बंद करा, ऐकू येत नाही!"

"मी म्हणतो, माझी..."

मशीन दोरीवर चढलं. गुलाबी दोरी पात्यांत गरागरा गुंडाळली गेली, दोन्ही टोकांच्या खुंट्या उखडून उडत आल्या, इंजिनाने एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

"...हरकत आहे!" हे अकराही घरांनी ऐकलं.

मग नुसता पाऊस. क्लिफर्डच्या भुवयांवर गवत चिकटलं होतं. आता पळून जावं असं त्याला फार फार वाटलं, पण मशीन हद्दीवरच अडकलं होतं आणि ते टाकून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"कशाला हरकत?" ऑल्विनबाईंनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"कुंपणाला," तो म्हणाला. "दोरीला. तुम्ही तिकडे आणि मी इकडे असण्याला. उन्हाळ्यात मी थांबलो तो गवत मरू नये म्हणून थांबलो, तुमच्यामुळे नाही. तुमच्यामुळे तर मी... मला तुम्ही आवडता, मिसेस प्रॉसर. फार आवडता. झालं. बोललो."

ऑल्विनबाई पायरी उतरून भर चिखलातून घरातल्या चपलांनी त्याच्यापर्यंत आल्या.

"शहाणे आहात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गालावरून वाहत होतं ते सगळंच पावसाचं पाणी नव्हतं. "त्या दिवशी दारात मी तुम्हाला तीन तीन वेळा विचारलं. मला कुंपण हवं होतं असं वाटलं तुम्हाला? मला 'नको' ऐकायचं होतं! तुम्ही टेप धरलीत! मग म्हटलं, माणसंच बोलावते, खांबच आणवते, बघू आता तरी हा बाबा तोंड उघडतो का. आज पहिला खड्डा खणला असता ना, तर मी घर विकून बहिणीकडे निघून गेले असते."

मोठ्या कुंपणवाल्याने घसा साफ केला.

"बाई, मग खड्डा घ्यायचा का नाही?"

"नाही!" दोघे एकदम ओरडले, आणि दोघांत बाईंचा आवाज मोठा निघाला.

मग त्यांनी हात पुढे करून क्लिफर्डच्या भुवईवरचं गवत काढलं, एकेक काडी, घाई न करता. "आत या, भिजलात," त्या म्हणाल्या. "आणि ते मिसेस प्रॉसर पुरे झालं. मला ऑल्विन म्हण."