जैनबबी गादीवाली आणि नातीचा रॅशगार्ड

ढाणकीत गादी भरायची तर जैनबबीकडूनच, असं ठरलेलं आहे. कुणी ठरवलं म्हणाल तर जैनबबीनंच. तिचा नवरा गुलाम नबी खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरायचा, तेव्हापासून गावातल्या गाद्यांवर तिचा हक्क आहे. पुढं पिंजायची मशीन आली, गुलाम नबी गेला, पण टाके अजून जैनबबीच घालते. ती नुसते टाके घालत नाही. जुनी गादी उसवली की आतल्या गोळ्यांवर हात फिरवते आणि घरधनिणीला विचारते, "या बाजूनं कोण झोपते व? लयच तळमळते बिचारं." मग संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळतं की अमक्याच्या घरी कुणाला झोप लागत नाही. आमची गादी मी मुद्दाम उमरखेडहून तयार आणली. तरी तिला सुगावा लागलाच आणि वर्षभर ती माझ्याशी तोंड वाकडं करून बोलत होती.

तिची नात तमन्ना अकरावीत शिकायची. बाप फिरोज, गॅरेजवाला. गावभरच्या गाड्यांवर ओरडेल, पण घरात आईपुढं त्याचा हॉर्नही वाजत नाही. त्यामुळं तमन्नानं काय घालायचं, कुठं जायचं, कधी यायचं, हे सगळं दादीच्या हातात.

आणि ही तमन्ना आमच्या बेबीताईच्या क्लासला यायची. बेबीताई म्हणजे माझी मोठी जाऊ, अंगणवाडीत मदतनीस. लग्नाआधी यवतमाळला ज्यूदो खेळलेली. पोरींना शिकवायचं तिनं मनावर घेतलं तेव्हा मनावर घेतलं एवढंच. जागा, सामान, घरच्यांची परवानगी असल्या किरकोळ गोष्टी तिच्या हिशेबात नव्हत्या. ती शिकवायची ते ग्रॅपलिंग. ज्यूदोचा जाड पांढरा अंगरखा न घालता अंगाला अंग भिडवून खेळायची झोंबाझोंबी.

आदल्या वर्षी कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, त्या साली ते धपकन खाली आले. चढल्याशिवाय विकायचा नाही म्हणून सगळ्या गावानं कापूस घरात भरून ठेवला. आमच्याही पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग. आम्ही माणसं मागच्या खोलीत दाटीवाटीनं झोपत होतो. बेबीताईनं एक दिवस तो ढीग डोळे भरून पाहिला आणि म्हणाली, "शीला, मॅटा विकत घ्याची गरजच नाई."

झालं. ढीग पसरला, वर ताडपत्री घातली, आणि रोज संध्याकाळी गावच्या पोरी आमच्या पिकावर आदळू लागल्या. आमचे हे दारात उभं राहून कळवळायचे, "अवं, माल दबून राह्यला नं!" बेबीताईला ऐकूच जायचं नाही. ताडपत्रीवर घासून कोपरं सोलायची आणि साठवलेल्या कापसातले किडे चावून मानेला, दंडाला खाज उठायची. महिन्याभरात सगळा क्लास खाजवत होता. आया भांडायला आल्या. एकट्या जैनबबीनं नातीच्या हातावरचे चट्टे पाहून नाक उडवलं, "कापसाची खाज कोणाले नाई? मी जल्मभर खाजवलं. पण हे काय खेळ हाये, पोट्टी अर्ध्या बाह्याच्या टीशर्टात लोळते?"

म्हणजे खाजेवर हरकत नव्हती, बाहीवर होती.

तशात यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली. संयोजकांनी फोनवर बजावलं की पूर्ण बाहीचा, अंगाला बसणारा कपडा पाहिजे, ढगळ टीशर्ट चालणार नाही. तमन्ना आमची सगळ्यात पक्की खेळाडू. तिनं घरी विषय काढला आणि जैनबबी थेट आमच्याकडं आली. चपला न काढता उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बेबी, एकडाव नेतो म्हणतं तं मी बी संगं येतो. माझ्या डोळ्यानं पाह्यतो. कपड्यात काही बेशरमी दिसली नं, तं त्या दिवसापासून तमन्नाचा खेळ बंद. मंग मले चाची म्हणून मनवाले येऊ नको."

तिच्यामागं तमन्ना उभी होती. बेबीताईवरची नजर तिनं क्षणभरही हलवली नाही. त्या पोरीला खेळाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

बेबीताईनं मोबाइलवरून दोन कपडे मागवले. एक कम्प्रेशनचा, एक रॅशगार्ड. एक पसंत करायचा, दुसरा कंपनीला परत. दोन्ही काळे, दोन्ही पूर्ण बाहीचे, आणि माझ्यासारखीला दोन्ही सारखेच. बेबीताईनं मला झापलं. कम्प्रेशनचा कपडा अंगाला आवळून धरतो, त्यानं स्नायू लवकर थकत नाहीत. पण तो पळणाऱ्यांचा, व्यायामवाल्यांचा. रॅशगार्ड घासाघाशीसाठीच बनलेला. शिलाई सपाट, ओढाताणीत फाटत नाही, कातडी सोलू देत नाही.

"मंग रॅशगार्डच घे नं. एवढं भाषण कायले?" मी म्हटलं.

"चाचीले दोन्ही दाखवू. तिले वाटलं पाह्यजे का तिनंच निवडला."

इतपत अक्कल ठीक होती. पण जैनबबी आली, दार लावलं, आणि बेबीताईला वाटलं की नुसतं दाखवण्यापेक्षा घालून दाखवावं. तमन्नाच्या मापाचा कम्प्रेशन. बेबीताईचं अंग म्हणजे अंगणवाडीचा निम्मा खाऊ तिथंच मुरल्यासारखं. मी हात जोडले. पण ब्लाउजवरून तो कपडा तिनं डोक्यात घातलाच. दोन्ही हात वर, डोकं आत, आणि तिथंच गाडी अडली.

"याच्यानं... रक्ताभिसरण... चांगलं होते," आतून आवाज आला.

"बेबी, जिती हायेस का?" जैनबबीनं विचारलं.

"हातापायाले... आधार भेटते..."

जैनबबीनं पिशवीतून कात्री काढली. गादीवालीच ती, कात्रीशिवाय बाहेर पडत नाही. कात्रीचा आवाज ऐकताच आतून किंकाळी आली, "कापू नोको! परत कराचा हाये!"

मी बाही धरली, तमन्नानं दुसरी. जैनबबीनं आम्हा दोघींना बाजूला ढकललं. लोडाची खोळ उतरवतात तशी तिनं खालची कड उलटी गुंडाळत वर नेली आणि एका झटक्यात बेबीताईला मोकळी केली. बेबीताईच्या केसांचा पार खराटा झाला होता. तमन्ना कापसावरच्या ताडपत्रीत तोंड खुपसून हसत होती.

"हे कपडा नाई, खोळ हाये," जैनबबीनं निकाल दिला. "माणसं भराले नाई चालत."

मग तिनं रॅशगार्ड घेतला. ताणला, सोडला, ओला केला, हुंगला. शिवण नखानं खरवडून पाहिली. एक सुटा धागा काढून आगकाडीनं पेटवला. त्याचा काळा मणी झाला. "सुताचा नाई. घरात एवढा कापूस, अन् पोट्टी पलास्टिक घालंन," असं कुरकुरली. पण बाही मनगटापर्यंत, गळा बंद. कपडा पसंत पडला. तमन्नानं लगेच घालून दाखवला. छान बसला होता, ना आवळ ना सैल.

जैनबबीनं कपाळाला आठ्या घातल्या. "याच्यात वाढंन कुठं ते?"

आता हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोरांचे कपडे वाढत्या अंगाचेच घ्यायचे असतात. शाळेचा गणवेश पहिल्या वर्षी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. मी तशीच वाढले, बेबीताई तशीच वाढली. त्यामुळं पोरींची कोच असलेली, कपड्यांवर एवढं भाषण ठोकणारी ही बाई चटकन म्हणाली, "खरं हाये चाची, दोन नंबर मोठा मागवतो." मीही मान डोलावली. तमन्ना काही बोलणार होती, पण तिला कुणी विचारलंच नाही.

नवा कपडा आला तो तिच्या अर्ध्या मांडीपर्यंत. जैनबबीनं दाभण घेऊन दोन्ही बाजूंना गादीसारखे टाके मारले. "पुढच्या साली उसवाचे," म्हणाली. आधीचे दोन्ही कपडे बेबीताईनं परत पाठवले. कम्प्रेशनचा जरा रुंद होऊन गेला, पण कंपनीनं काही विचारलं नाही.

स्पर्धेला आम्ही पहाटेची एसटी धरली. यवतमाळच्या हॉलमध्ये पंचांनी तमन्नाच्या पोटावरचा कपडा चिमटीत धरला आणि भुवई उडवली. "धुतला की आटते," बेबीताईनं बेधडक ठोकून दिलं. जैनबबी पहिल्या रांगेत, ओढणी सावरून, कुणाची तरी गादी तपासायला आल्याच्या थाटात बसली.

पहिली पोरगी तमन्नानं बघता बघता लोळवली. त्या झटापटीत गादीचे टाके तटातट तुटले. दुसरी लोहारा गावची, चपळ. तरीही तमन्नानं तिची पाठ धरली होती. पकड पक्की होती, बेबीताई "सोडू नोको" म्हणून ओरडत होती. तेवढ्यात त्या पोरीनं सुटायला हात मारला, तो त्या ढगळ कपड्यात घुसला. ती वळली, आणि तमन्नाचा रॅशगार्ड सर्रकन वर जाऊन तिच्याच डोक्यावर बसला. तिला दिसेना. पकड सुटली. बनियन होतं आत, तेही वर सरकलं, आणि भरल्या हॉलसमोर आमच्या पोरीचं पोट उघडं पडलं.

पंचांची शिट्टी वाजायच्या आत जैनबबी उठली होती. चपलांसकट मॅटवर चालत गेली, दोन्ही पोरींच्या मध्ये वाकली आणि स्वतःची ओढणी नातीला गुंडाळली. पंच ओरडत होते, "आजी, बाहेर व्हा!" तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. बाहेरचं माणूस मॅटवर आलं म्हणून लढत लोहाऱ्याच्या पोरीला दिली. तमन्नाची स्पर्धा तिथंच संपली.

मला इतका राग आला होता की काय सांगू. जैनबबीचा, बेबीताईचा, आणि डोलावलेल्या माझ्या मानेचाही. झाकायला घेतलेल्या कपड्यानंच घात केला होता. तमन्ना रडली नाही. ओढणी घट्ट धरून ती एसटीत खिडकीशी बसली. आता हिचा खेळ गेला, हे तिला, बेबीताईला आणि मलाही कळून चुकलं होतं.

उमरखेड यायला आलं तेव्हा जैनबबीनं तोंड उघडलं. "बेबी, त्या दुसऱ्या पोट्टीचा कपडा कुठंच हलला नाई."

"तिच्या मापाचा होता, चाची," बेबीताई हळूच म्हणाली.

जैनबबीनं मान हलवली. मग म्हणाली, "हारली तं माझ्यापायी. दिसली तं बी माझ्यापायी." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. ती सीटवर वळली, तमन्नाचा हात ओढून सरळ केला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत विती टाकू लागली. मग पाठ, मग छाती. मागच्या सीटवरची माणसं पाहत होती, कंडक्टर खोळंबला होता. तिला कुणाचीच पर्वा नव्हती. तमन्नाचे डोळे तेव्हा कुठं वाहायला लागले.

"दादी, थोडा मोठा घे," ती नाक ओढत म्हणाली. "पुढच्या साली मी वाढलो मंग?"

"चुप बस. पुढच्या सालची पोट्टी पुढच्या साली पाहू," जैनबबी म्हणाली. "आज जे माह्यापुढं बसली हाये, तिचं माप घेऊन राह्यलो मी."